‘सी’ची लायब्ररी आणि पायथॉनचे विद्यार्थी

आपल्या संस्थेतर्फे जळगाव व धुळे येथे रविवारी सकाळी संगणकाचे अभ्यासवर्ग घेतले जातात. त्यांपैकी धुळ्याच्या वर्गात एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारले, “सर, डिप्लोमाला आम्ही ‘सी’ शिकलो. परीक्षेपुरते नाही, मन लावून शिकलो. आता जिथे अर्ज करावा तिथे पायथॉन येते का म्हणून विचारतात. मग ‘सी’वर घातलेली वर्षे वाया गेली म्हणायची का?” या विद्यार्थ्याच्या घरात त्याच्या आधी कोणी दहावीच्या पुढे गेलेले नाही. नवीन क्लासची फी भरायची म्हणजे घरातला दुसरा कोणता तरी खर्च मागे सारावा लागतो. त्यामुळे हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नव्हता. त्या दिवशी आम्ही “वाया गेली नाहीत” एवढेच सांगून वेळ मारून नेली होती. सविस्तर उत्तर द्यायचे राहिले होते, ते या लेखात देत आहोत.

‘सी’ ही भाषा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडवली. पायथॉन पुष्कळ नंतरची. गिडो व्हान रॉसम यांनी ती १९९१ साली लोकांसमोर ठेवली. पण आपण जे पायथॉन संगणकावर बसवतो ते स्वतःच मुख्यतः ‘सी’मध्ये लिहिलेले आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांना सहसा कोणी सांगत नाही. पायथॉनमधून फाइल दाबून लहान केली, की आत काम करते ती ‘झेडलिब’ ही १९९५ पासूनची ‘सी’ लायब्ररी. पायथॉनमधून ‘एसक्यूलाइट’चा डेटाबेस उघडला, की आत चालते ती २००० साली प्रथम आलेली दुसरी ‘सी’ लायब्ररी. वर आज्ञा पायथॉनची आणि खाली राबणारे हात ‘सी’चे, अशी ही व्यवस्था आहे. या दोहोंच्या मध्ये जो पातळ थर असतो त्यालाच ‘रॅपर’ म्हणतात. वर्गात हा शब्द उच्चारला की मुलांना चॉकलेटचा कागद आठवतो आणि हशा पिकतो. चॉकलेट खाल्ले की कागद फेकून देतात. इथला कागद मात्र जपावा लागतो, कारण आतला माल बरोबर पोचणे त्याच्यावरच अवलंबून असते.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? तेच फंक्शन पायथॉनमध्ये पुन्हा लिहून काढावे. लहानसे असेल तर जरूर लिहावे, आमची हरकत नाही. पण वर्षानुवर्षे हजारो ठिकाणी वापरून ज्या लायब्ररीतील चुका निघून गेल्या आहेत, ती पुन्हा लिहायची म्हणजे त्या सगळ्या चुका पुन्हा पहिल्यापासून करायच्या. शिवाय मोठमोठी आकडेमोड करताना ‘सी’चा वेग पायथॉनला गाठता येत नाही.

हा मधला थर नेमके काय काम करतो हे समजण्यासाठी पाचोऱ्याचे स्टेशन डोळ्यांसमोर आणावे. तेथून जामनेरला अगदी अलीकडच्या काळापर्यंत नॅरोगेजची छोटी गाडी जात असे. मुंबई-भुसावळ मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे रुळांमधील अंतर साडेपाच फूट. जामनेरच्या मार्गाचे अंतर अडीच फूट. मोठ्या गाडीचा डबा छोट्या रुळावर चढवता येत नाही. त्यामुळे पाचोऱ्याला माल एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे, आणि भरताना कोणते पोते कोणाचे, किती आहेत, वर कोणते ठेवायचे, हे कागदावर पाहावे लागे. पायथॉन आणि ‘सी’ यांचे रूळ असेच वेगळे आहेत. पायथॉनमधला ‘५’ हा नुसता आकडा नसतो. तो एक वस्तू असतो आणि आपण कोणत्या प्रकारची वस्तू आहोत हे त्याच्या अंगावर लिहिलेले असते. ‘सी’मधला ‘५’ म्हणजे स्मृतीतील काही बाइट्स. त्यांवर नाव नाही, गाव नाही. रॅपर पायथॉनच्या वस्तूतून आकडा काढतो, ‘सी’ला हव्या त्या मापाच्या बाइट्समध्ये भरतो, फंक्शन चालवतो, आणि आलेले उत्तर पुन्हा पायथॉनच्या वस्तूत बांधून परत देतो.

यातील खरी मेख ही आहे. तयार झालेल्या ‘सी’ लायब्ररीत, म्हणजे विंडोजवरील ‘डीएलएल’ किंवा लिनक्सवरील ‘एसओ’ फाइलमध्ये, फंक्शनचे नाव असते आणि त्याचा पत्ता असतो. त्याला किती मूल्ये द्यायची, कोणत्या प्रकारची द्यायची, परत काय येणार, यांपैकी काहीही त्या नावासोबत नोंदलेले नसते. ती माहिती असते हेडर फाइलमध्ये, आणि हेडर फाइल पायथॉन वाचत नाही. ती आपण वाचायची आणि आपण सांगायची. जळगावच्या सराफ बाजारात कोणी नुसते “दहा द्या” म्हटले तर दुकानदार आधी विचारील, दहा काय, ग्रॅम की तोळे? संगणक विचारीत नाही. जे समजले तसे मोजून देतो.

एक साधा प्रयोग करून पाहा. पायथॉनमध्ये ‘सीटाइप्स’ नावाची सोय २००६ सालापासून, म्हणजे २.५ या आवृत्तीपासून, सोबतच येते. वेगळे काही बसवावे लागत नाही. तिच्या साहाय्याने ‘सी’च्या गणिती लायब्ररीतील वर्गमूळ काढणारे फंक्शन बोलवा आणि त्याला १६ हा आकडा ‘डबल’ प्रकारात नीट बांधून द्या. उत्तर ४ यायला हवे. येते मात्र भलतेच काहीतरी. कारण असे की, परत काय येणार हे आपण सांगितले नाही तर ‘सीटाइप्स’ आपल्या मनाने ‘इंट’, म्हणजे पूर्णांक, येणार असे धरून चालते. आजच्या नेहमीच्या ६४ बिट इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरमध्ये पूर्णांक उत्तर एका रजिस्टरमध्ये ठेवले जाते आणि अपूर्णांक उत्तर अगदी वेगळ्या रजिस्टरमध्ये. (रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या पोटातील छोटासा कप्पा. हजेरीपटाशी त्याचा संबंध नाही.) वर्गमूळाच्या फंक्शनने ४ हे उत्तर बरोबर काढले होते आणि योग्य कप्प्यात ठेवलेही होते. आपण दुसराच कप्पा उघडून त्यात आधीपासून पडलेला कचरा उचलून आणला. उत्तर उजव्या हातात दिले आणि घेणाऱ्याने डाव्या हाताची मूठ उघडून पाहिली, असा हा प्रकार. ‘परत येणार ते डबल’ एवढी एक ओळ लिहिली की ४ हजर होतो.

ही चूक एका अर्थाने बरी म्हणायची, कारण १६ चे वर्गमूळ म्हणून लाखातला आकडा आला तर कोणालाही संशय येतो. भीती वाटावी ती खऱ्यासारख्या दिसणाऱ्या चुकीची. तशी एक चूक आमच्याच हातून झाली आहे, आणि ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

आपल्या परस्पर साहाय्य निधीचा हिशोब पूर्वी एका सभासदाने ‘सी’मध्ये बसवून दिला होता. तो काळ टर्बो सीचा, नव्वदच्या दशकातला. त्यातील बेरजेचे फंक्शन देवनागरीत लिहायचे तर असे होते:

लाँग एकूण_बेरीज(लाँग *रकमा, इंट संख्या);

रकमांच्या रांगेचा पत्ता द्यायचा, किती रकमा आहेत ते सांगायचे, एकूण बेरीज परत मिळते. इथे ‘इंट’ न वापरता ‘लाँग’ का वापरले? कारण डॉसवरच्या टर्बो सीमध्ये ‘इंट’ फक्त १६ बिटांचा असे आणि त्यात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नसे. निधीची बेरीज त्याच्या पुढे जाणार हे ओळखून त्या सभासदाने ३२ बिटांचा ‘लाँग’ घेतला. त्यात २१४ कोटींच्याही वरची संख्या मावते. निर्णय अगदी शहाणपणाचा होता.

मागच्या वर्षी जळगावच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी या जुन्या फंक्शनवर पायथॉनचा नवा पोशाख चढवला. नावे आणि रकमा फाइलमधून वाचायच्या, शंभर घरांच्या एका रांगेत भरायच्या आणि ‘सी’च्या फंक्शनकडे पाठवायच्या. रांग त्यांनी ‘इंट’ची घेतली. आजचा ‘इंट’ ३२ बिटांचा, तेव्हाचा ‘लाँग’ही ३२ बिटांचा, म्हणजे माप जुळले, असा हिशोब. काय येते, काय जाते याच्या ओळी लिहायचा त्यांनी कंटाळा केला, आणि तपासताना आम्हीही त्या मागितल्या नाहीत. जळगावचे संगणक विंडोजचे. तेथे तीन महिन्यांचे हिशोब पडताळून पाहिले, पैसा न् पैसा जुळला. मग तोच प्रोग्राम पेनड्राइव्हवर घालून धुळ्याला नेला.

धुळ्याच्या वर्गातील संगणक एका हितचिंतकांनी दिलेले, जुने, आणि त्यांवर लिनक्स आहे. तेथे ‘सी’ची लायब्ररी नव्याने कंपाइल करून घेतली. प्रोग्राम सुरळीत चालला. कोठेही चुकीचा संदेश आला नाही. महिन्याची बेरीज आली ती मात्र वहीतील बेरजेच्या जवळपास निम्मी.

धुळ्याची वर्गणी गोळा करतात ते आपले एक ज्येष्ठ कार्यकर्ते. सगळे त्यांना नाना म्हणतात. उभी हयात त्यांनी कंडक्टरकीत काढली. मासिक बैठकीत संगणकाचा कागद आणि नानांची वही शेजारी शेजारी आल्या, तेव्हा एक-दोघे बोलून गेले की संगणक काही चुकत नाही. बाकीचे गप्प राहिले, आणि त्या गप्प राहण्याचा अर्थ नानांना कळला. ते एवढेच म्हणाले, “भाऊ, मी रोज रात्री तिकिटांचा आणि रोकडीचा मेळ घालूनच घरी गेलो. वही इथे ठेवतो. बघा.” वही टेबलावर ठेवून ते खाली बसले. त्या बैठकीला आम्ही हजर होतो. संगणक वर्गाचे शिक्षक म्हणून आमच्याकडे पाहिले गेले, आणि त्या क्षणी आमच्याजवळ उत्तर नव्हते.

पुढच्या रविवारी आम्ही धुळ्याच्या वर्गात दुसरे काही शिकवले नाही. मोठी यादी बाजूला ठेवली आणि फक्त सहा रकमा घेतल्या: १००, १५०, २००, १००, २५०, २००. तोंडी बेरीज १०००. संगणकाने सांगितले ५५०. बराच वेळ कोणी बोलेना. मग एका विद्यार्थिनीने फळ्यावरच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या रकमेभोवती खडूने गोल काढला. १००, २०० आणि २५०. बेरीज ५५०. संगणक एकाआड एक सभासद सोडून देत होता.

असे का व्हावे? ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ‘लाँग’ आजही ३२ बिटांचा, म्हणजे चार बाइट्सचा, ठेवला आहे. ६४ बिटांच्या लिनक्समध्ये तो आठ बाइट्सचा आहे. भाषा तीच, शब्द तोच, माप गावागणिक वेगळे. धुळ्याच्या संगणकावर ‘सी’च्या फंक्शनने आमच्या चार-चार बाइट्सच्या रकमा आठ-आठ बाइट्सच्या समजून उचलल्या. म्हणजे दरवेळी दोन सभासदांची मिळून एक रक्कम केली. या प्रोसेसरमध्ये संख्येचा लहान भाग आधी ठेवतात आणि मोठा भाग नंतर. त्यामुळे पहिल्या सभासदाची रक्कम खालच्या भागात बसली आणि दुसऱ्याची वरच्या भागात. बेरीज आठ बाइट्सची झाली. पण परत काय येणार हे आम्ही सांगितले नसल्याने पायथॉनने सवयीप्रमाणे खालचे चार बाइट्स घेतले आणि वरचे टाकून दिले. दुसरा, चौथा, सहावा हे सभासद त्या टाकलेल्या भागात गेले.

फंक्शनला सहा रकमा मोजायच्या होत्या. त्याने आठ बाइट्सचे सहा घास घेतले म्हणजे आमच्या रांगेतील बारा घरे वाचली. शेवटच्या सहा घरांत शून्ये होती, कारण रांग शंभर घरांची होती आणि ‘सीटाइप्स’ नवी रांग शून्यांनी भरून देते. रांग नेमकी सहाच घरांची असती तर फंक्शन तिच्या पलीकडच्या परक्या स्मृतीत शिरले असते. मग वेडावाकडा आकडा आला असता किंवा प्रोग्राम बंद पडला असता, आणि नानांवर संशय घ्यायची वेळ कोणावर आली नसती. आम्ही ऐसपैस जागा ठेवली होती. त्यामुळे चूक सभ्य दिसली.

दुरुस्ती दोन ओळींची होती. एका ओळीत ‘हे फंक्शन लाँगच्या रांगेचा पत्ता आणि एक इंट घेते’ असे ‘आर्गटाइप्स’मध्ये लिहायचे, दुसरीत ‘लाँग परत देते’ असे ‘रेसटाइप’मध्ये. या ओळी लिहिल्यावर धुळ्याच्या संगणकाने ‘इंट’ची रांग आत घ्यायलाच नकार दिला आणि चुकीचा संदेश दाखवला. दोन ओळींचा कंटाळा केला म्हणून जी चूक बैठकीपर्यंत पोचली, ती त्या ओळींनी दारातच अडवली. रांग ‘लाँग’ची केली आणि एक हजार आले. पुढे आम्ही मूळ ‘सी’मध्येही बदल केला. १९९९ च्या ‘सी’ प्रमाणापासून ज्यांच्या नावातच बिटांची संख्या असते असे प्रकार मिळतात. ‘इंट ६४ टी’ म्हटले की जळगाव असो, धुळे असो, माप ६४ बिटच. दोन वेगवेगळ्या भाषांच्या सीमेवर विद्यार्थ्यांनी असेच प्रकार वापरावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यानंतरच्या बैठकीत आम्ही सर्वांसमोर उभे राहून चूक कोणाची होती ते सांगितले.

आता मजकुराकडे वळू. आपली गावांची नावे देवनागरीत असतात, म्हणून हा भाग आपल्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त उपयोगी आहे. ‘धुळे’ या शब्दात अक्षरे किती? डोळ्यांना दोन दिसतात, धु आणि ळे. पायथॉनला विचारले तर ते चार म्हणते, कारण युनिकोडमध्ये ध, उकार, ळ आणि मात्रा ही चार स्वतंत्र चिन्हे आहेत. ‘सी’चे लांबी मोजणारे ‘स्ट्रलेन’ हे फंक्शन मात्र बाइट्स मोजते. नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स घेते, म्हणून त्याचे उत्तर बारा. तिघेही आपापल्या परीने खरे बोलतात.

हा प्रयोग वर्गात केला तेव्हा मोठी गंमत झाली. लिनक्सवर एकाने ‘धुळे’ हा शब्द जसाच्या तसा, बाइट्समध्ये न बदलता, ‘स्ट्रलेन’ला दिला आणि उत्तर आले दोन. वर्गाने टाळ्या वाजवल्या. ‘सी’ला मराठी कळते असे सर्वांना वाटले. आम्ही म्हटले, आता ‘जळगाव’ देऊन पाहा. पुन्हा दोनच! झाले होते ते असे. प्रकार सांगितला नसेल तर ‘सीटाइप्स’ पायथॉनचा मजकूर रुंद अक्षरांच्या स्वरूपात पाठवते. लिनक्सवर असे प्रत्येक चिन्ह चार बाइट्सचे असते आणि आपल्या देवनागरी चिन्हांतील नंतरचे दोन बाइट्स शून्य असतात. ‘सी’मध्ये शून्य बाइट म्हणजे मजकूर संपला. म्हणून कोणतेही गाव दिले तरी दोन बाइट्स मोजून ‘स्ट्रलेन’ थांबते. विंडोजवर रुंद चिन्ह दोन बाइट्सचे असल्याने तेथे ‘धुळे’चे आठ आणि ‘जळगाव’चे दहा येतात. हे फंक्शन ‘कॅरेक्टर पॉइंटर’ घेते असे आधी लिहून ठेवले असते तर दोन्ही ठिकाणी नुसता शब्द नाकारला गेला असता. मग आपण तो यूटीएफ-८ मध्ये बदलून दिला असता आणि बारा हे उत्तर मिळाले असते.

जुन्या ‘सी’ प्रोग्रामांत नावासाठी वीस बाइट्सची जागा ठेवण्याची पद्धत होती. इंग्रजी नावाला ती पुरे. ‘चाळीसगाव’ला मात्र चोवीस बाइट्स लागतात. शेवटच्या शून्यासाठी एक बाइट राखून एकोणीस बाइट्स कापून घेतले तर ‘चाळीसग’ एवढे सहा चिन्हांचे नाव आणि सातव्या चिन्हाचा तुटका तिसरा हिस्सा उरतो. पायथॉनला परत मिळाल्यावर ते तो तुकडा वाचायला नकार देते. तेव्हा रॅपर लिहिताना बाइट्स मोजून जागा ठेवावी.

स्मृतीच्या मालकीविषयी थोडक्यात सांगतो. समाजमंदिरातून लग्नासाठी भांडी नेली तर ती समाजमंदिरातच परत करायची असतात. दुसऱ्या वस्तीच्या कोठारात ती जमा होत नाहीत. ‘सी’च्या लायब्ररीने जागा मागून घेऊन तिच्यात मजकूर भरून दिला, तर ती जागा पायथॉन आपोआप मोकळी करीत नाही. त्या लायब्ररीचेच मोकळे करणारे फंक्शन बोलवावे लागते. कोणती जागा कोणाची हे हेडर फाइलमध्ये किंवा सोबतच्या माहितीत लिहिलेले असते, आणि नसेल तर ती लायब्ररी जपून वापरावी.

चुकांची तऱ्हाही वेगळी. पायथॉनमध्ये काही बिनसले की अपवाद उठतो आणि कोणत्या ओळीत बिनसले ते कळते. ‘सी’ची फंक्शन्स बहुधा उणे एक किंवा रिकामा पत्ता परत देऊन गप्प बसतात. कारण ‘एरनो’ नावाच्या खुणेत ठेवलेले असते, ते आपण होऊन पाहावे लागते. चांगला रॅपर उणे एक आल्याबरोबर त्याचा पायथॉनचा अपवाद करतो. चुकीचा पत्ता दिला गेला तर मात्र पुष्कळदा अपवादही उठत नाही. सगळे पायथॉनच एका क्षणात बंद पडते आणि जतन न केलेले काम जाते.

हा सगळा विषय पायथॉनपुरता आहे असे समजू नये. नव्वदच्या दशकात व्हिज्युअल बेसिकमध्ये ‘डिक्लेअर’ ही ओळ लिहून डीएलएलमधील फंक्शन बोलवीत, आणि तेथेही प्रकार चुकला की हेच भोग वाट्याला येत. जावामध्ये १९९७ पासून ‘जेएनआय’ होते. त्याला सोपा पर्याय म्हणून नवी सोय २०२४ सालच्या २२ व्या आवृत्तीत कायम झाली. डेव्हिड बीझली यांनी लॉस अलामोस येथील प्रयोगशाळेत १९९५ साली ‘स्विग’ लिहायला घेतले. ते हेडरमधील घोषणा वाचून रॅपर स्वतःच तयार करते. पायथॉनसाठी ‘सीएफएफआय’ आणि ‘सायथॉन’ ही साधनेही आहेत. पण पहिला रॅपर हाताने लिहावा, मग साधनाकडे जावे. पाढे येण्याआधी कॅल्क्युलेटर हाती देऊ नये, तसेच हे.

हे काम आपल्या राज्यात मोठ्या प्रमाणावर झालेले पाहायचे असेल तर मुंबईला पवईच्या आयआयटीतील ‘फॉसी’ प्रकल्पाकडे पाहावे. केंद्र सरकारच्या साहाय्याने चालणाऱ्या या प्रकल्पाने शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार केला. फ्रान्समध्ये जन्मलेल्या ‘सायलॅब’ या गणिती भाषेसाठी त्यांनी इष्टतमीकरणाची एक साधनपेटी तयार केली आहे. कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त काम कसे बसवावे, अशा प्रकारची ही गणिते. ती सोडवण्याचे खरे काम ‘सिम्फनी’सारख्या तयार लायब्ऱ्या करतात. सायलॅब आणि त्या लायब्ऱ्या यांच्या मधल्या फंक्शनांना तेथे ‘गेटवे’, म्हणजे वेस, म्हणतात. नाव आम्हाला आवडले. सायलॅब कोष्टक स्तंभांच्या क्रमाने साठवते, तर ‘सी’मध्ये द्विमितीय रांग ओळींच्या क्रमाने असते. वेशीवर हा फरक सांभाळला नाही तर कोष्टक आडवे पडते आणि उत्तर पुन्हा खऱ्यासारखेच दिसते. याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे ‘सी’ आणि पायथॉनवरचे धडे मराठीतही ऐकायला मिळतात. ज्यांना क्लासची फी परवडत नाही त्यांनी तेथून सुरुवात करावी.

आणखी एक उदाहरण तर रोज आपल्या डोळ्यांसमोर असते. मोबाइलवर ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी क नंतर टंकली तरी दिसते ती क च्या आधी. ‘क्ष’मधील तुकडे जुळून एक आकार होतो. ही जुळणी करणारी ‘हार्फबझ’ नावाची लायब्ररी अँड्रॉइड, फायरफॉक्स, क्रोम आणि लिब्रेऑफिस यांत वापरली जाते. ती आतून ‘सी प्लस प्लस’मध्ये लिहिलेली आहे. ‘सी प्लस प्लस’चा कंपायलर फंक्शनांची नावे आतल्या आत बदलून टाकतो, त्यामुळे बाहेरच्यांना ती सापडणे कठीण जाते. म्हणून या लायब्ररीने आपला दरवाजा साध्या ‘सी’चा ठेवला आहे. पायथॉनमधूनही तिला बोलावता येते, त्यासाठी तयार रॅपर आहे. देवनागरीत पत्रिका किंवा पुस्तके छापण्याचे काम ज्यांना करायचे आहे त्यांनी तो उघडून पाहावा. कोणत्याही दोन भाषांना आपसांत बोलायचे झाले की बहुतेक वेळा त्या ‘सी’च्याच रीतीने बोलतात. धुळ्याच्या त्या विद्यार्थ्याला आमचे उत्तर हेच आहे. तुझे ‘सी’ वाया गेलेले नाही. ज्याने नुसते पायथॉन शिकले त्याला हेडर फाइल वाचता येणार नाही, तुला येईल.

धुळ्याचा आणि जळगावचा हिशोब आता एकाच प्रोग्रामवर चालतो. तो सुरू झाला की खरी यादी उघडण्यापूर्वी त्या सहा रकमांची बेरीज करून पाहतो, आणि एक हजार आले नाहीत तर तेथेच थांबतो. नानांनी त्या सहा रकमा आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवल्या आहेत. दर महिन्याला वर्गात आले की खुर्चीवर बसण्याआधी म्हणतात, “आधी ते हजार दाखवा.”